फाल्गुन ते वैशाख: छत्रपती संभाजीनगरचा वसंत

(दौलताबादचा रस्ता, सकाळ. डोंगरउतारावर पळस.)

फाल्गुन आला की मराठवाड्यात टँकरची चर्चा सुरू होते. विहिरी तळ गाठतात, गवत वाळून जातं. आणि नेमक्या याच दिवसांत छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादकडे निघालं की उजाड उतारावर पळस फुललेला दिसतो. अंगावर पान नावालाही नाही, नुसती केशरी फुलं.

एवढ्या कोरडेपणात ही फुलं येतात कशी? पानं गळतात म्हणूनच येतात. पानांवाटे झाडातलं पाणी सतत उडून जात असतं. म्हणून पळस, पांगारा, काटेसावर ही आपल्या मुलखातली झाडं पानं उतरवतात आणि अंगात साठवलेल्या पाण्यावर, अन्नावर फुलतात. पानांचा आडोसा नसल्यानं पाखरांना फुलं लांबून दिसतात. शिवाय पाऊस येईपर्यंत बी तयार होऊन जमिनीवर पोचलेलं असतं. आपल्याकडे वसंत असा उन्हाच्या हिशेबानं येतो.

(पळसाच्या फांदीवर साळुंक्या. जवळून.)

पळसाखाली जरा वेळ उभं राहा. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल आणि मधूनच एखादी खार, सगळ्यांची लगबग चाललेली असते. फुलाची खालची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकडी. रसासाठी पाखरानं ती दाबली की आतले पुंकेसर बाहेर येतात आणि पराग त्याच्या अंगाला लागतो. खाली पडलेली फुलं वेचून पाण्यात उकळायची, की रंगपंचमीचा रंग तयार. म्हणीतली ती तीन पानं पळसाला येतात, पण फुलं सरल्यावर.

काटेसावरीची फुलं जाड, मांसल, लालभडक. वरून पडतात तेव्हा त्यांचा आवाज येतो. पुढे चैत्र-वैशाखात तिची बोंडं फुटतात आणि कापूस वाऱ्यावर निघतो.

शहराच्या आत हे पाहायचं तर ऊन चढायच्या आधी बाहेर पडावं. लेण्यांच्या डोंगराखाली, सोनेरी महालाच्या अंगाला पसरलेला विद्यापीठाचा परिसर, छावणीतले जुने रस्ते, दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग. मोगल काळापासूनची ही बाग आंब्यांची. शहराच्या गजबजाटाला लागून अशी बाग टिकून आहे, हे या शहराचं मोठं भाग्य आहे आणि ते जपलंच पाहिजे.

पाडव्याच्या सुमाराला लिंब फुलतो. फूल बारीक, पांढरट. पण संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीच त्याचा वास गाठतो. पाडव्याला हाच फुलोरा गुळाबरोबर तोंडात पडतो.

(बहाव्याचे पिवळे घोस. पार्श्वभूमीला भुंग्यांचा आवाज.)

मग बहावा. चैत्र सरता सरता पिवळे घोस लोंबू लागतात आणि मोठे काळे भुंगे त्यांवर तुटून पडतात. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, त्या थरथरीनं पराग झडतो. बहावा फुलला की पाऊस फार लांब नाही, असं जुनी माणसं सांगतात. पारा चाळिशीपार गेलेला असताना हे ऐकूनसुद्धा बरं वाटतं.

रस्त्यांवर सर्वांत जास्त दिसतो तो गुलमोहर. मूळचा मादागास्करचा. त्याच्या पाच पाकळ्यांपैकी एक पांढरट, ठिपक्यांची असते. एक फूल हातात घेऊन बघाच. सावली छान देतो, पण लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. राज्यफूल तामण मात्र ओलाव्याचं झाड, आपल्याकडे पाणी घालूनच वाढवावं लागतं.

म्हणून मनापासून वाटतं, नवे रस्ते होताना कडेला पळस, बहावा, पांगारा लावावेत. इथलं ऊन त्यांना ठाऊक आहे. पळसाच्या चपट्या, हलक्या शेंगा वैशाखात झाडाखाली सापडतात. प्रत्येकीच्या टोकाला एकच बी. ते फार काळ टिकत नाही, म्हणून त्याच पावसाळ्यात लावायचं. मूळ खोल जातं, तेव्हा पिशवीत फार दिवस न ठेवता रोप लवकर जमिनीत जाऊ द्या. पहिली फुलं यायला बरीच वर्षं लागतील. यंदाच्या शेंगा मात्र आत्ताच वेचाव्या लागतील.