आपोआप वाजणारा चेलो

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? आज बोलायचंय एका सिनेमाबद्दल, म्हणजे खरं तर गाण्याबद्दल. 'बिगिन अगेन' नावाचा इंग्रजी पिक्चर आहे, जॉन कार्नी या आयरिश दिग्दर्शकाचा, २०१३ ला टोरांटोच्या फेस्टिव्हलला दाखवला तेव्हा त्याचं नाव होतं 'कॅन अ साँग सेव्ह युअर लाइफ?', नंतर बदललं, बरंच झालं, नावातच सगळं सांगून टाकलं तर बघायचं काय! हा कार्नी आधी डब्लिनच्या 'द फ्रेम्स' बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा, आणि पिक्चर बघताना ते कळतं.

गोष्ट न्यूयॉर्कची. डॅन, म्हणजे मार्क रफेलो, स्वतःच उभ्या केलेल्या म्युझिक कंपनीतून त्याच दिवशी हाकललेला, फुल टाइट होऊन एका बारमध्ये येऊन बसलाय. तिथे ग्रेटाला, म्हणजे किएरा नाइटलीला, मित्राने बळंबळंच स्टेजवर ढकललंय, ती गिटार घेऊन आपली गातेय आणि कुणाचं लक्षसुद्धा नाही. पिक्चर सुरूच इथून होतो आणि खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकताना मलाही वाटलं, ठीक आहे, चाललंय. मग तोच प्रसंग परत येतो, पण आता डॅनच्या कानांनी, आणि रिकाम्या ड्रमसेटवर काठ्या आपोआप नाचायला लागतात, पियानो सुरू होतो, चेलोवर, म्हणजे त्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावर, बो फिरतो पण धरणारा हात नाही, मग व्हायोलिन... चाल तीच, शब्द तेच, आणि आपल्या अंगावर काटा.

हे अरेंजरचं डोकं, दुसरं काही नाही. आपल्या जुन्या हिंदी गाण्यांमागे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशी गोव्याची माणसं होती ना, संगीतकार चाल द्यायचा आणि व्हायोलिन कुठे शिरणार, मधला म्युझिक पीस काय, हे यांनी नोटेशनमध्ये उतरवायचं, आणि नाव कुठे? शोधत बसा. तो बारमधला सीन बघताना मला हीच मंडळी आठवली.

पुढे पिक्चरमध्ये स्टुडिओला पैसे नाहीत म्हणून डॅन, ग्रेटा आणि मंडळी अख्खा अल्बम रस्त्यावर रेकॉर्ड करतात, सबवेत, गच्चीवर, सेंट्रल पार्कच्या तळ्यात होडीत बसून. एका गल्लीत पोरं गोंधळ घालत असतात तर त्यांनाच कोरसला घेतात, मजा येते राव.

पण माझा सगळ्यात आवडता सीन एका थपडेचा आहे. ग्रेटाचा बॉयफ्रेंड डेव्ह (मरून फाइव्ह बँडचा अ‍ॅडम लेव्हीन) लॉस एंजेलिसहून येतो, नवीन गाणं ऐकवतो, ती ऐकते, ऐकता ऐकता चेहरा बदलतो आणि फाडकन! कुणी काही कबूल केलेलं नाही, चिठ्ठी सापडलेली नाही, पण ज्याच्यासोबत तुम्ही वर्षानुवर्षं गाणी बांधलीत त्याचं गाणं कुणासाठी आहे हे तुम्हाला कळणारच ना. आणि तिचं उत्तर काय, तर तीही गाणं लिहिते आणि त्याच्या व्हॉइसमेलवर गाऊन ठेवते. भांडण म्हणावं तर असं.

'लॉस्ट स्टार्स' हे गाणं तिने त्याला नाताळची भेट म्हणून दिलेलं, तो ते ढणढणाटी पॉप करून टाकतो आणि ती म्हणते, अरे यात गाणं हरवलं. प्रत्यक्षात हे गाणं लिहिणाऱ्यांत ग्रेग अलेक्झांडर आणि डॅनिएल ब्रिसबॉइस आहेत, दोघं 'न्यू रॅडिकल्स' बँडचे, १९९८ ला यांचं एक गाणं जगभर गाजलं आणि पुढच्याच वर्षी अलेक्झांडरने बँड बंद केला, का तर त्याला दुसऱ्यांसाठी गाणी लिहायची होती! 'लॉस्ट स्टार्स'ला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, ऑस्कर नाही मिळालं, असो.

तर आता दोन्ही व्हर्जन लावतोय, आधी किएराचं, मग अ‍ॅडमचं. पिक्चरमध्ये डॅन आणि ग्रेटा एकाच पिनला दोन हेडफोन लावून रात्रभर शहरात गाणी ऐकत फिरतात, तुमच्याकडे ती दुहेरी पिन नसणारच, मग एक इअरफोन शेजारच्याला द्या, चला.