नवतप्यातली हवा आणि जुन्या डिझेलचा टर्बो

मागचा तो एक कूलर बंद करा बरं. उकडेल थोडं, पण नाहीतर शेवटच्या रांगेतले मला विचारतील, "सर, काय म्हटलं?" आणि मी तेच तेच सांगत बसेन. तसंही आजचा विषय उकाड्याचाच आहे.

आत येताना एका पोराने दारातच मला गाठलं. म्हणाला, "सर, भंगारवाल्या काबाडीकडे एक टर्बो पाहून ठेवला आहे, ट्रकचा आहे, मस्त मोठा आहे, जीपला बसवून टाकू का?" त्याला म्हटलं, आत बस. त्याच्या प्रश्नातच माझ्या व्याख्यानाचं निम्मं काम झालं. आपल्याकडे टर्बो निवडत नाहीत, सापडतो तो बसवतात. ज्या दुकानात जे पडलं आहे ते आपल्या इंजिनासाठीच पडलं आहे, असं समजायचं. हे मी हसून सांगतो, पण पंचवीस वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. ते सांगेन पुढे.

इतिहासावर वेळ घालवत नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं. कल्पना सरळ होती: सायलेन्सरमधून जो गरम धूर फुकट जातो, त्याच्यावर चाक फिरवायचं आणि त्या चाकाच्या दांड्याला दुसऱ्या टोकाला पंखा लावून हवा इंजिनात कोंबायची. पुढे १९२०च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना हे बसवलं आणि साडेसतराशे घोड्यांच्या इंजिनातून अडीच हजार घोडे निघाले. एवढं पुरे.

आता डिझेलची एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पेट्रोल इंजिनात हवेला दार असतं, ॲक्सिलरेटर ते दार उघडतो. जुन्या डिझेलमध्ये दारच नाही. हवा जेवढी मावेल तेवढी नेहमीच आत जाते, तुमचा पाय फक्त डिझेल कमीजास्त करतो. म्हणून नुसता टर्बो लावला आणि डिझेलच्या पंपाला हात लावला नाही, तर धूर कमी होईल, इंजिन थोडं मोकळं वाटेल, सीटी ऐकू येईल, आणि ताकद? फारशी नाही. ताकद डिझेलमध्ये आहे. हवा त्या डिझेलला नीट जळू देते, एवढंच तिचं काम. उलट केलं, म्हणजे हवा न वाढवता पंपाचा स्क्रू फिरवला, तर जे होतं ते इथे नागपूरच्या वाडी नाक्यावर रोज दिसतं. काळा धूर मारत चढणारे ट्रक.

चला, हिशोब करू. खिशात पेन असेल तर काढा. महिंद्राचं जुनं डीआय इंजिन घेऊ, २५२३ सीसी. इथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरी ते असेलच, जीपमध्ये नाहीतर पिकअपमध्ये. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं. तीन हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना, मिनिटात दीड हजार श्वास, प्रत्येकी अडीच लिटरचा. पण छाती पूर्ण भरत नाही, व्हॉल्व्ह आणि पाइप अडवतात, म्हणून पंच्याऐंशी टक्के धरा. मिनिटाला साधारण ३२०० लिटर हवा.

लिटर झाले. पण डिझेल लिटरशी जळत नाही, हवेच्या वजनाशी जळतं. आणि इथे नागपूर मधे येतं. कोणत्याही पुस्तकात हवेची घनता दिलेली असते १.२२५ किलो दर घनमीटर. ती समुद्रकाठची, १५ अंशांची हवा. नागपुरात १५ अंश कधी असतात? डिसेंबरच्या पहाटे. आपण आहोत समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, पारा ४५. तिथे हीच घनता १.०७ च्या आसपास येते. म्हणजे बारा-तेरा टक्के हवा आपल्या इंजिनाला मिळतच नाही, टर्बो असो की नसो. मे महिन्यात गाडी "दमते" असं आपण म्हणतो ना, ती खरंच दमते. तर ३२०० लिटर म्हणजे साधारण ३.४ किलो हवा मिनिटाला.

आता अर्धा बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण निम्मा, दाब वाढवू. लोकांना वाटतं, दाब दीडपट म्हणजे हवा दीडपट. नाही हो. हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताला भाजतो तसं. साधारण बऱ्या टर्बोतून ४५ अंशांची हवा बाहेर पडते तेव्हा ती शंभर अंशांच्या वर गेलेली असते. तापली म्हणजे पसरली. हिशोब केला तर दीडपट दाबाला हवेचं वजन वाढतं फक्त सव्वापट, जरासं वर. बाकीचं उष्णतेने खाल्लं. मध्ये इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर, बसवून ती हवा साठ अंशांपर्यंत उतरवली, तर हीच वाढ त्रेचाळीस टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून हिमाचलमधला माणूस इंटरकूलर नको म्हणाला तर ऐका, नागपूरच्या माणसाने म्हटलं तर ऐकू नका.

एक गैरसमज इथेच काढतो. आपला वाळ्याचा कूलर बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देतो, कारण त्यात पाणी उडतं. इंटरकूलरमध्ये पाणी उडत नाही. बाहेर ४५ असेल तर तो ४५ च्या खाली जाऊच शकत नाही, आणि गरम रेडिएटरच्या मागे लपवून बसवला तर ४५ सोडा, साठही विसरा. त्याला समोरची हवा द्या.

तर आपल्या इंजिनाला मिनिटाला जास्तीत जास्त पाच किलोच्या आत हवा लागते, आणि दीड हजार आरपीएमला त्याच्या निम्मी. हे दोन आकडे घेऊन टर्बोच्या नकाशाकडे जायचं. कंपन्या प्रत्येक टर्बोच्या कॉम्प्रेसरचा नकाशा देतात. आडव्या रेषेवर हवेचं वजन, उभ्यावर दाबाचं प्रमाण, आणि मधे कांदा कापल्यासारखी वर्तुळं. सगळ्यात आतल्या वर्तुळात टर्बो हवा कमी तापवतो. डाव्या कडेला एक रेषा असते, तिच्या पलीकडे हवा उलटी फिरते, टर्बो धाप टाकतो, त्याला सर्ज म्हणतात. उजव्या कडेला तो गुदमरतो. तुमचे दोन्ही ठिपके मधल्या वर्तुळांत पडले पाहिजेत.

त्या पोराच्या ट्रकच्या टर्बोचं काय होईल? तो बनला आहे पाच-सहा लिटरच्या इंजिनासाठी. तुमचे ठिपके त्याच्या नकाशाच्या डाव्या कडेला जाऊन बसतील, आणि त्याचं धुराकडचं चाक फिरवायला तुमच्या इंजिनाजवळ तेवढा धूरच नाही.

आता माझी गोष्ट. मी असाच ट्रकचा मोठा टर्बो एका जीपला लावला होता. नागपूर-सिवनी रस्त्यावर कुरईचा घाट आहे, तिथे चाचणीला गेलो. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएम, टर्बो झोपलेला. मी आधीच पंप उघडून ठेवला होता, कारण टर्बो आहे ना! हवा नाही आणि डिझेल भरपूर. मागच्या गाड्यांनी दिवे लावले, इतका धूर. सपाटीवर सीटी वाजली तेव्हा मला आनंद झाला, आणि परतीच्या वाटेवर तिसरा पिस्टन मधोमध भोक पडून गेला. चूक माझीच, शंभर टक्के.

म्हणून माझं मत आहे, आणि यावर काही लोक माझ्याशी भांडतात: जुन्या डिझेलला वाटतो त्यापेक्षा एक माप छोटा टर्बो द्या. ही इंजिनं जगतात पंधराशे ते पंचवीसशे आरपीएममध्ये. शेतात, घाटात, ट्रॉली ओढताना. तिथे हवा मिळाली पाहिजे. साडेतीन हजारांवर काय होतं त्याची फिकीर शर्यतवाल्यांनी करावी. दीड-दोन लिटरच्या डिझेल गाड्यांवरचे साधे, वेस्टगेटचे टर्बो या कामाला बरे. वेस्टगेट म्हणजे जास्तीचा धूर चाकाला बगल देऊन सोडणारं दार. वेस्टगेट अर्ध्या बारला उघडेल असा लावा, म्हणजे छोटा टर्बो वरच्या आरपीएमला पळत सुटत नाही. पात्यांचा कोन बदलणारे नव्या जातीचे टर्बो देखणे असतात, पण ते चालवायला गाडीचा कॉम्प्युटर लागतो, आणि आपल्या जीपमध्ये कॉम्प्युटर म्हणजे ड्रायव्हर.

अर्ध्या बारवर मी का थांबतो? कारण हे इंजिन दाब सहन करायला घडलेलंच नाही. १९७८ मध्ये मर्सिडीझने पाच सिलिंडरच्या जुन्या डिझेलला टर्बो लावून गाडी बाजारात आणली, तेव्हा नुसता टर्बो लावला नाही. पिस्टनच्या पोटावर ऑइल मारणाऱ्या नळ्या दिल्या, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आत सोडियम भरलं. कारखान्याला ही काळजी घ्यावी लागली, आणि आपण हेड गॅस्केटही न बदलता काम उरकतो. तुमचं इंजिन साठ घोड्यांचं असेल तर पंचाहत्तरवर समाधान माना.

त्याआधी एक तपासणी. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढा. धूर भकाभक येतो, बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगांमधून दाब खाली गळतो आहे? मग टर्बोचे पैसे रिंगा-लायनरला लावा. जुन्या जीपचा ऑइल बाथ एअर क्लीनरही काढून टाका. टर्बोची ओढ जास्त, तो त्या भांड्यातलं ऑइल ओढून घेतो, आणि डिझेल इंजिन ऑइलवरही चालतं. एकदा पळत सुटलं की चावी काढूनही थांबत नाही.

कायद्याचं एक वाक्य. आरटीओच्या कागदावर कंपनीने दिलेलं जे वर्णन आहे त्याच्याशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. मी बोलतो आहे ते विहिरीवरच्या इंजिनांबद्दल, शेतातल्या आणि स्पर्धेच्या गाड्यांबद्दल.

हं, विचारा. "काबाडीकडे जाऊन बघायचं काय?" चांगलं विचारलं. दांडा बोटाने धरा. आडवा किंचित हलला तर चालतो, कारण ऑइल नसताना तो हलणारच. पण मागे-पुढे हललेला जाणवला तर खाली ठेवा. पात्यांच्या कडा बघा, घासल्या असतील तर तोही ठेवा. ऑइल परतीचं भोक मोठं असतं, ते बसवताना तोंड खाली आलं पाहिजे आणि नळी सरळ उतरत चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यातल्या, ऑइलच्या पातळीच्या वर जुळली पाहिजे. तिथे ऑइल आपल्या वजनाने उतरतं, कोणी ढकलत नाही. ती नळी बारीक लावली की सीलमधून ऑइल सायलेन्सरमध्ये, आणि मग सगळे म्हणतात टर्बो खराब निघाला.

"आणि पंप?" पंपवाल्याकडे बेंचवर लावून घ्या, गाडीवर अंदाजाने स्क्रू फिरवू नका. बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, आल्यावरच डिझेल वाढवणारा डायफ्राम असलेला पंप मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि टर्बोच्या आधी, धुराच्या मॅनिफोल्डमध्ये, तापमानाचा काटा बसवा. टर्बोच्या निम्मीही किंमत नसते त्याची. कुरईच्या घाटात चढताना काटा सातशेकडे सरकला की पाय उचला. गिअर खाली घ्या, आरपीएम वाढू द्या, काटा उतरेल. माझ्या जीपला तो काटा नव्हता.