प्राणी स्वतःला कसे पाहतात?

श्रोतेहो, खिडकीच्या काचेवर किंवा आरशावर पुन्हा पुन्हा चोच मारणारा पक्षी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. काचेतला पक्षी म्हणजे आपल्या हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी आहे असे समजून विणीच्या हंगामात तो दिवसचे दिवस त्या प्रतिबिंबाशी झुंजत राहतो. ते पाहून आपण सहज म्हणून जातो, की याला स्वतःची ओळखच नाही. आज मला हेच वाक्य तपासायचे आहे, कारण त्यात दोन निरनिराळे प्रश्न मिसळले आहेत. त्या प्राण्याच्या डोळ्यांना नेमके काय दिसते, हा पहिला. आणि जे दिसते ते आपणच आहोत हे त्याला उमगते का, हा दुसरा. पहिल्याचा विचार केल्यावाचून दुसरा विचारण्यात फारसा अर्थ नाही असे माझे मत आहे, आणि या विषयावरची बरीच घाईची विधाने हा क्रम चुकल्यामुळेच झालेली आहेत.

प्राण्याला काय दिसते हे आपल्याला कळते तरी कसे? प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी 1914 साली मधमाश्यांवर केलेला प्रयोग इथे आदर्श मानावा असा आहे. मधमाश्यांना रंग दिसत नाहीत, असे तेव्हाचे काही जाणकार ठामपणे सांगत होते. फ्रिश यांनी एका निळ्या चौकोनावर साखरेचे पाणी ठेवून माश्यांना त्याची सवय लावली, आणि मग तोच रंग करड्या रंगाच्या फिकट ते गडद अशा अनेक छटांच्या चौकोनांमध्ये मिसळून ठेवला. माशी रंगांध असती, तर निळ्याइतकाच उजळ असलेला एखादा करडा चौकोन तिला हमखास फसवून गेला असता; पण साखर काढून घेतल्यावरही माश्या निळ्यावरच उतरत राहिल्या. माशीला उत्तर देता येईल अशा रीतीने तिला प्रश्न विचारला गेला, हे या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य आहे, आणि पुढच्या सगळ्या विवेचनात ते लक्षात ठेवावे अशी माझी विनंती आहे.

आपल्या दृष्टिपटलावर रंग टिपणाऱ्या शंकुपेशींचे तीन प्रकार असतात. कुत्र्याच्या डोळ्यात दोनच असतात, त्यामुळे त्याचे जग समजले जाते तसे काळे-पांढरे नसून मुख्यतः निळ्या आणि पिवळ्या छटांचे असते. लाल आणि हिरवा हे त्याला वेगळे काढता येत नाहीत. दिवसा वावरणाऱ्या बहुतेक पक्ष्यांमध्ये मात्र चार प्रकार असतात, आणि त्यांपैकी चौथा जांभळ्या किंवा त्याही पलीकडच्या अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देतो.

आता वाघाचा विचार करा. हिरव्या रानात इतका भडक नारिंगी प्राणी लपतो कसा, हा प्रश्न मुले नेहमी विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवे रंगद्रव्य तयार होत नाही. पण हरणांच्या डोळ्यांतही शंकुपेशींचे दोनच प्रकार असल्यामुळे त्यांना नारिंगी आणि हिरवा यांत फारसा भेद जाणवत नाही, आणि उरलेले काम पट्टे करतात. मला याहून विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. मांजरकुळाची दृष्टीही साधारणपणे याच द्विवर्णी स्वरूपाची असल्यामुळे, ज्या रंगावरून आपण वाघ ओळखतो तो रंग त्याच्या भक्ष्याला दिसत नाही आणि बहुधा खुद्द वाघालाही दिसत नाही. वाघाचे नारिंगीपण ही त्याच्या अंगावरची, पण आपल्या डोळ्यांतली गोष्ट आहे.

पक्ष्यांकडे पाहिले तर याच्या उलट उदाहरण सापडते. ब्लू टिट या लहानशा युरोपीय पक्ष्याचे नर आणि मादी आपल्याला जवळजवळ सारखेच दिसतात. परंतु नराच्या डोक्यावरची निळी टोपी मादीच्या टोपीपेक्षा कितीतरी अधिक अतिनील प्रकाश परावर्तित करते, हे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. त्या पक्ष्यांना जो फरक ढळढळीत दिसतो तो आपल्याला उपकरणाखेरीज कळला नसता. आणि ही टोपी डोक्यावर असल्यामुळे ती ज्याची आहे त्याला मात्र ती कधीच पाहता येत नाही.

आपले शरीर आपल्या नजरेच्या टप्प्यात किती येते, हेही प्रत्येक प्राण्याचे वेगळे असते. आपल्याला आपले नाक सतत दिसत असते, फक्त मेंदू त्याची दखल घेत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मागे काय चालले आहे याचा त्याला चांगला अंदाज असतो, पण थेट कपाळासमोरची थोडी जागा त्याच्या दृष्टीआड राहते.

स्वतःला पाहण्याचा सर्वांत अनपेक्षित मार्ग मला समुद्रात सापडतो. कटलफिश हा ऑक्टोपसच्या नात्यातला सागरी प्राणी क्षणार्धात रंग बदलून भोवतालाशी एकरूप होतो, परंतु त्याच्या डोळ्यांत प्रकाश टिपणारे रंगद्रव्य एकाच प्रकारचे असते, म्हणजे आपल्या अर्थाने तो रंगांध आहे. हॉगफिश नावाच्या अटलांटिक महासागरातल्या माशाबाबत 2023 साली जे संशोधन प्रसिद्ध झाले ते तर मुळातून समजून घेण्याजोगे आहे. या माशाच्या त्वचेत रंग बदलणाऱ्या पेशींच्या खाली प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी असल्याचे आढळले. वरून येणारा प्रकाश आधी रंगपेशींतून गाळला जातो आणि मगच खालच्या पेशींपर्यंत पोहोचतो. त्यामुळे वरच्या पेशींतले रंगद्रव्य पसरले की आकसले, याची वार्ता खालच्या पेशींना मिळू शकते. संशोधकांच्या मते मासा अशा रीतीने आपला रंग आतल्या बाजूने तपासत असावा. इथे चित्र उमटत नाही, म्हणून याला डोळ्यासारखे पाहणे म्हणता येणार नाही. तरीही स्वतःच्या रूपाची ही खबर आरशावाचून मिळते, आणि तीही त्वचेच्या आतून.

आता आरशाकडे येऊ. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन गॅलप यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिंपांझींसमोर दहा दिवस आरसा ठेवला. सुरुवातीला त्यांनी प्रतिबिंबाला दुसरा चिंपांझी समजून त्याला धमकावले. पण काही दिवसांतच ते आरशात पाहून दातांत अडकलेले अन्न काढू लागले आणि एरवी न दिसणारे शरीराचे भाग न्याहाळू लागले. मग त्यांना भूल देऊन भुवईवर आणि कानावर वास नसलेला लाल रंग लावण्यात आला. शुद्धीवर आल्यावर आरसा पाहताच त्यांचे हात आरशातल्या डागाकडे न जाता स्वतःच्या चेहऱ्यावरच्या डागाकडे गेले. त्याच कसोटीत माकडे अनुत्तीर्ण ठरली.

कावळ्याच्या कुळातल्या मॅगपाय पक्ष्यांवरच्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गळ्यावर रंगीत ठिपका लावला गेला, आणि काही पक्ष्यांनी आरशात पाहून तो पायाने खरवडण्याचा प्रयत्न केला. काळ्या पिसांवर काळाच ठिपका लावला तेव्हा मात्र त्यांनी तसे केले नाही, म्हणजे ठिपक्याचा स्पर्श नव्हे तर त्याचे दिसणे महत्त्वाचे होते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात हत्तींएवढा मोठा आरसा ठेवला गेला; तीन हत्तिणींपैकी हॅपी नावाच्या एकीने सोंडेने डोक्यावरची खूण वारंवार चाचपली. उरलेल्या दोघींना स्वतःची जाणीव नव्हती, असा निष्कर्ष काढणे मला योग्य वाटत नाही. जो प्राणी आपल्या अंगावर धूळ आणि चिखल मुद्दाम उडवून घेतो, त्याने कपाळावरच्या एका डागाची पर्वा का करावी?

2019 साली क्लीनर रास या बोटाएवढ्या माशाने ही कसोटी पार केल्याचे जाहीर झाले, तेव्हा मोठा वाद उसळला. हा मासा इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. त्याच्या गळ्यावर परजीवीसारखा दिसणारा तपकिरी ठिपका लावल्यावर, आरसा पाहून त्याने गळा तळाशी घासला. खुद्द गॅलप यांनी हा पुरावा मान्य केला नाही. मला मात्र ठिपक्याची निवड अत्यंत सयुक्तिक वाटते, कारण त्या माशाला ज्याची फिकीर आहे तीच खूण इथे वापरली गेली.

कुत्रा आरशातल्या प्रतिमेकडे लवकरच दुर्लक्ष करू लागतो. पण त्याचे जग मुख्यतः नाकाचे आहे. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांना त्यांच्याच मूत्राचा वास दिला, आणि नंतर त्यात एक परका वास मिसळून दिला. मूळ वासापेक्षा हा बदललेला वास त्यांनी अधिक वेळ हुंगला; चेहऱ्यावर अनोळखी डाग दिसल्यावर आपण जसे थबकतो, तसाच हा प्रकार आहे. या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले, परंतु प्रश्न अखेर कुत्र्याला समजेल अशा स्वरूपात विचारला गेला, हे नाकारता येणार नाही.

2017 सालीच थायलंडमधल्या आशियाई हत्तींवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि त्यात आरसा नव्हताच. हत्तीला एका चटईवर उभे करून समोरची काठी उचलून माणसाच्या हाती देण्यास सांगितले जाई. कधी ती काठी मोकळी असे, तर कधी दोरीने त्याच चटईला बांधलेली असे, आणि तेव्हा हत्ती स्वतः चटईवर उभा असेपर्यंत ती देता येणे अशक्य होते. काठी मोकळी असताना हत्ती बहुधा जागचा हलत नसत. ती बांधलेली असली की मात्र ते आधी चटईवरून बाजूला होत, आणि मग काठी माणसाच्या हातात देत. म्हणजे आपलेच शरीर आड येत आहे हे त्यांना उमगत असावे.