किल्टच्या निऱ्या

मंडळी, किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचं कमरेला गुंडाळायचं, निऱ्यांचं चौकड्याचं वस्त्र. त्याला घागरा म्हणालात तर एखादा स्कॉटिश माणूस हमखास चिडेल, तेव्हा आपण किल्टच म्हणू. एका चांगल्या किल्टला सुमारे ८ वार कापड लागतं. नऊवारीहून एकच वार कमी! ते बहुतेक सगळं मागच्या निऱ्यांत जातं. पुढे दोन सपाट पाखे एकमेकांवर येतात.

आता तो घालायचा कसा, यावरून तिथे घरोघरी वाद. जाणती मंडळी गुडघे टेकायला लावतात. काठ जमिनीला लागला की किल्ट लांब झाला. मोज्यात खोचायची छोटी सुरी उजव्या पायाला. पांढरे मोजे नकोत, ते बँडवाल्यांचे. पोरं मात्र टी-शर्टखाली, जाड बुटांवर किल्ट घालतात. डेनिमचे, खिसेवाले किल्टही मिळतात.

पण हा कडकपणा आला कुठून? मूळचा मोठा किल्ट म्हणजे न शिवलेलं लांबलचक कापड. जमिनीवर पसरायचं, हातानं निऱ्या घालायच्या, त्यावर आडवं होऊन कमरेला पट्टा आवळायचा, अशी त्याची एक रीत सांगतात. उरलेलं खांद्यावर, पाऊस आला तर डोक्यावर. तिथे कसली आलीय इंचपट्टी! पुढे १७४६ मध्ये कलोडेनच्या लढाईत ब्रिटिश राजाविरुद्धचं बंड मोडलं आणि त्याच वर्षी सरकारनं हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हा पोशाख कायद्यानं बंद केला. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, पुन्हा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. कायदा उठला १७८२ मध्ये. मधल्या काळात किल्ट उजळ माथ्यानं कोण घालत होतं? ब्रिटिश फौजेतले हायलँडर शिपाई. माझं मत असं, की आज ‘पूर्वापार’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या शिस्तीत पलटणीचा वाटा फार मोठा आहे.

निऱ्यांकडेच बघा. फौजी पद्धतीत प्रत्येक निरीवर एकच उभी रेघ आणतात. माणूस चालू लागला की आतले रंग चमकतात. दुसऱ्या पद्धतीत घड्या अशा बसवतात की मागूनही चौकडा अखंड दिसावा. दोन्ही बरोबरच.

१८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरोला आला. सोहळ्याची मांडणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटची. पोशाखावर राजानं १३०० पौंडांहून जास्त उधळले, आणि किल्टखाली चक्क गुलाबी तंग विजार! आज कुणी असा लग्नाला गेला तर त्याला दारातच अडवतील.

मात्र एक नियम मी मोडणार नाही. किल्टची पिन फक्त वरच्या पाख्याला लावायची. दोन्ही पाखे टोचले तर चालताना ताण येतो, लोकर फाटते, कापडाचा झोकही जातो. हे शिंप्याचं सांगणं आहे, आणि नवा लोकरी किल्ट काही स्वस्त नसतो.