सातचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. १५ ऑगस्ट २०२२ पासून इथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद. साडेआठला दुसरा भोंगा. मधला दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा, गप्पांचा.

कोरोनात शाळा मोबाइलवर भरली. पुढे वर्ग उघडले, तरी मुलांचा मोबाइल सुटेना. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने हा विषय ग्रामसभेत आला. नुसत्या ठरावाने काम भागलं नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले.

सगळी घरं एकाच वेळी थांबतात, यातच भोंग्याचं बळ आहे. एकट्या मुलाने फोन ठेवला, तर ग्रुपवर मित्रांचं चालूच राहतं. पुस्तक समोर असतं, पण जीव तिकडे लागलेला असतो. सगळेच गप्प असले, की हुकण्यासारखं काही उरत नाही. मोठ्यांनाही सूट नको ती याचसाठी. सात ही टीव्ही मालिकांची वेळ, त्यामुळे खरा कस त्यांचाच लागतो.

आपल्या वाडीत, सोसायटीत हे करायचं असेल, तर आधी शिक्षकांशी बोला. गृहपाठ ग्रुपवर सहाच्या आत यावा आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावा. नाहीतर ‘गृहपाठ मोबाइलवर आहे’ म्हणत पहिल्याच आठवड्यात फोन परत हातात येतो. तातडीसाठी घरातल्या एका फोनची रिंग चालू ठेवा, नेट मात्र बंद.

साडेआठनंतर खरी अडचण. दीड तासाची भरपाई अंथरुणात होते. किशोरवयीन मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सहाला उठायचं, तर दहाला डोळा लागायला हवा. पण एक रील संपायच्या आत दुसरी तयार, आणि पडद्याच्या उजेडाने झोप आणखी लांबते. ॲपवर वेळेची मर्यादा घातली, तर ती मुलाच्याच हाताने एका टिचकीत उठते. म्हणून चार्जर स्वयंपाकघरात ठेवा. ‘गजराला फोन लागतो’ ही सबब येणारच. साधं गजराचं घड्याळ आणा.

पहिल्या काही रात्री मूल चिडेल, पाणी प्यायच्या निमित्ताने उठेल. रागावू नका, फोनही देऊ नका. थोडा वेळ त्याच्या उशाशी बसा. तुमचा फोनही तोवर स्वयंपाकघरातच राहू द्या.