जंजिऱ्याच्या दारातला शरभ

(लाटांचा आवाज. होडी राजपुरीचा धक्का सोडते.)

राजपुरीहून शिडाची होडी निघाली की जंजिरा समोर दिसत राहतो, पण त्याचं दार काही दिसत नाही. तट, बुरूज, पुन्हा तट. होडी पार भिंतीशी येते तेव्हा कुठे दोन बुरुजांच्या बेचक्यात दरवाजा सापडतो. मग उतरायची घाई, पाय घसरायची भीती. या गडबडीत भिंतीवरचा हा प्राणी बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

आपण इथेच थांबू.

(शिल्प जवळून. निवेदन नाही.)

पंजांत हत्ती धरलेत. शेपटीच्या वेटोळ्यात आणखी एक. आणि हत्ती केवढे, तर मांजराने धरलेल्या उंदराएवढे! पाथरवटाला हत्ती ठाऊक नव्हता असं कसं म्हणावं? सोंड पाहा, ओळखायला क्षणही लागत नाही. त्याने तो जाणूनबुजून एवढासा केलाय.

कुणी याला वाघ म्हणतं, कुणी सिंह. गडकोटांचे अभ्यासक याला शरभ म्हणतात, पुराणकथांतला एक कल्पित पशू.

शरभाची एक गोष्ट महाभारताच्या शांतिपर्वात आहे. एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा असतो. चित्त्याला भ्यायला, ऋषीने त्याला चित्ता केलं. वाघाला भ्यायला, वाघ केलं. मग हत्ती, मग सिंह आणि शेवटी शरभ. शरभाच्या वर कुणी नाही. तो ऋषीवरच उठतो आणि पुन्हा कुत्रा होतो. ही चढण ध्यानात ठेवून दगडाकडे बघा: हत्ती खाली, शरभ सगळ्यांच्या वर. पोथीतल्या शरभाला आठ पाय आहेत, गडावरचा मात्र चार पायांवर उभा. पुराणात शिव हेच रूप घेऊन नरसिंहाला शांत करतो.

(बिदर, शर्झा दरवाजा. मग विजापूर.)

बिदरच्या किल्ल्यात दरवाज्यावर असेच दोन पशू आहेत. त्या दाराचं नावच शर्झा दरवाजा; शर्झा म्हणजे सिंह-वाघासारखं हिंस्र श्वापद. शिलालेख १५०३ चा. आणि ही विजापूरची मुलूखमैदान तोफ. ओतली १५४९ मध्ये, तेव्हाच्या अहमदनगरला, निजामशाहीच्या राजधानीत. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी. तोफेचं तोंड म्हणजे श्वापदाचा आ वासलेला जबडा. त्याच्या दातांमध्ये नीट बघा.

(कॅमेरा जबड्यावर स्थिर.)

हत्ती. इथेही इवलासा. ही तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती, १६३२ मध्ये विजापूरला आली आणि जिथे चढवली त्या बुरुजाचं नावही शर्झा बुरूज. पुढे विजापूर पडलं, औरंगजेबाने तोफेवर आपला लेख कोरवला.

जंजिऱ्यावर सांगतात, हे हत्ती म्हणजे सिद्दीचे शत्रू, ‘तुम्ही हत्ती असाल, तर आम्ही शेर’. ऐकायला छान वाटतं. पण मग शिवनेरी चढताना दरवाज्यावर शरभ भेटतो, त्याचं काय करायचं? तिथला हत्ती कोण? या पशूला कुणा एकाचा शत्रू चिकटवला की दख्खनभर पसरलेलं त्याचं गणगोत तुटतं. बहमनी, निजामशाही, सिद्दी, ज्याच्या हाती दार त्याने हा दारावर बसवला. हत्ती म्हणजे बळ, फौजेचा डोंगर, दाराला धडक देणारं जनावर. ते बळ पंज्याखाली चिरडणारा कुणीतरी इथे जागा आहे, हे येणाऱ्याने उंबरठ्याआधीच वाचावं. वाचायला लिपी लागत नव्हती. अरबी येणारा, मराठी बोलणारा, पायरीवर डोकं टेकणारा, सगळ्यांना ते कळत होतं. आम्हाला हे शिल्प त्यासाठी मोलाचं वाटतं.

१९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झालं. खारा वारा दगड खातोच आहे, वर येणाजाणाऱ्यांचे हात.

(होडी परतते. दरवाजा पुन्हा बुरुजांत मिसळतो.)

निघताना एकदा मागे वळून बघा. दार दिसेनासं व्हायच्या आत.