शटर खाली गेल्यावर

[दृश्य: अंधेरी-साकीनाका पट्ट्यातली एक इंडस्ट्रियल इस्टेट. शनिवार रात्र. एका गाळ्यासमोर टेम्पो रिकामा होतोय.]

दिवसा इथे कटिंग, पॅकिंग, छपाई चालते. सातला कामगार गेले की गाळा रिकामा. मग कधीतरी एखाद्या शनिवारी टेम्पोतून दोन टॉप आणि दोन बेस स्पीकर, मिक्सर आणि ड्रमकिट उतरतं. टेबलं भिंतीला लागतात, मालाच्या पेट्या पोटमाळ्यावर जातात. पोस्टर इन्स्टाग्रामवर आलेलं असतं, त्यावर तारीख असते आणि पत्ता नसतो. पैसे यूपीआयने, लोकेशन शेवटच्या तासाला, तेही पैसे भरलेल्यांनाच. दहाच्या सुमारास वॉचमन इकडेतिकडे बघतो आणि शटर खाली घेतो.

हे असं चोरून का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं सगळं नुसता उपदेश वाटेल.

मुंबईत लहान बँडला वाजवायला जागा नाही हे रडगाणं जुनं आहे, आणि खरंही आहे. धोबी तलावच्या रंगभवनात रॉक ऐकलेली पिढी आता पन्नाशीला आली. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि ते मैदान गप्प झालं. लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये २००७ साली ब्लू फ्रॉग सुरू झालं, २०१६ साली बंद पडलं. उरले पब. पबवाल्याचं म्हणणं सरळ असतं: तुमची स्वतःची गाणी ठेवा बाजूला, लोकांना माहीत असलेली वाजवा, आणि सोबत खाणारे-पिणारे आणा. धारावी-कुर्ल्यातली रॅप करणारी मुलं किंवा डोंबिवलीहून ड्रमच्या काठ्या घेऊन येणारा मेटलवाला या हिशेबात बसत नाही.

रीतसर जागा चालवायची तर महापालिकेचा खाद्यगृहाचा परवाना, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, दारू असेल तर उत्पादन शुल्क खातं, गाण्यांचं हक्कशुल्क, आणि कार्यक्रमासाठी पोलिसांचा परवाना. या शेवटच्या परवान्याचे नियम १९६० सालचे आहेत. त्यांच्या लांबलचक नावात मेळे आणि तमाशे आहेत. साठ माणसांपुढे वाजणाऱ्या बँडचा विचार तेव्हा कोण करणार होतं? खुल्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. पबलाही दीडपर्यंतचीच मुभा. म्हणून संगीत आत गेलं, आणि दीडनंतरचं आणखी आत.

एवढी सहानुभूती ठेवून आता गाळ्यात शिरू. कारण आवाज बाहेर जाऊ नये आणि कुणाला कळू नये म्हणून इथे जे जे केलं जातं, त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट माणसालाही आत कोंडते.

[दृश्य: भिंतीवर चिकटवलेले करड्या फोमचे चौकोन. कॅमेरा वर, छतापर्यंत.]

हा फोम पाहा. गादीत, सोफ्यात असतो तोच पॉलियुरेथेन. कुठे पैसे कमी पडले तर अंड्याचे ट्रे, जुन्या गाद्या, जाड पडदे. आणि यातली खरी गंमत अशी, की फोम आवाज अडवतच नाही. तो खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज थोडा मऊ करतो, बस. आवाज अडवायला वजन लागतं: विटांची जाड भिंत, फटी बुजवलेलं भक्कम दार. बेस तर या फोममधून सरळ शेजारच्या गाळ्यात पोचतो. म्हणजे ज्यासाठी लावला ते काम होत नाही, आणि पेटायला मात्र भिंतभर सरपण तयार.

२० फेब्रुवारी २००३. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातला ‘द स्टेशन’ नावाचा लहानसा क्लब. बँडने पहिल्याच गाण्याला स्टेजवर शोभेची दारू उडवली आणि ठिणग्या मागच्या फोमवर पडल्या. काही क्षण लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. नंतर अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने त्या आगीचा अभ्यास केला. फोम पेटल्यापासून साधारण दीड मिनिटात आत तग धरण्यासारखी स्थिती राहिली नव्हती. त्या क्लबला दुसरी दारं होती. पण बहुतेक लोक आले त्याच दाराकडे धावले आणि तिथेच एकमेकांवर पडून अडकले. १०० माणसं गेली.

पुढच्याच वर्षी ३० डिसेंबरला ब्वेनोस आयरेसमध्ये ‘क्रोमान्योन’ जळलं, १९४ मृत्यू. तिथे संकटकालीन दाराला साखळी होती. २०१३ साली ब्राझीलच्या सांता मारियात ‘किस’, २४२. तिथे दारावरच्या रक्षकांनी सुरुवातीला पळणाऱ्यांना अडवलं, बिल चुकवून चाललेत असं समजून. २०१५ साली बुखारेस्टमध्ये ‘कोलेक्टिव’, ६४, आणि त्या आगीनंतर उसळलेल्या मोर्च्यांमुळे रुमानियाच्या पंतप्रधानांना जावं लागलं. गावं वेगळी, बँड वेगळे, आणि चारही ठिकाणी आग धरली ती आवाजासाठी भिंतीला किंवा छताला लावलेल्या मालाने. या फोमच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसोबत हायड्रोजन सायनाइड असतो. चार-दोन श्वासांत पाय ऐकेनासे होतात. ज्वाला जवळ येण्याचीही वाट पाहावी लागत नाही.

या चारही जागा लोकांना ठाऊक असलेल्या होत्या. आपल्या गाळ्याच्या जास्त जवळचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं आहे. ‘घोस्ट शिप’ म्हणून ओळखलं जाणारं एक गोदाम. भाडी परवडेनात म्हणून कलाकार तिथेच राहायचे, काम करायचे, रात्री कार्यक्रम व्हायचे. परवानगी ना राहण्याची, ना कार्यक्रमाची. वरच्या मजल्यावर जाणारा एक जिना मालाच्या लाकडी पॅलेटचा. आत पियानो, फर्निचर, लाकडं यांचा नुसता चक्रव्यूह. २ डिसेंबर २०१६ च्या रात्री इलेक्ट्रॉनिक संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली. ३६ जण गेले, त्यातले बहुतेक वरच्या मजल्यावर होते.

[दृश्य: गाळ्यातला पोटमाळा. लोखंडी शिडी. वर पेट्या आणि पाय खाली सोडून बसलेली चार मुलं.]

पोटमाळा म्हटलं की मुंबईकराला वेगळं सांगायला नको. १८ डिसेंबर २०१७ ला पहाटे साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्याला आग लागली आणि पोटमाळा खाली कोसळला. १२ कामगार गेले. त्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते. २८ तारखेच्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, लोअर परळच्या कमला मिलमधले गच्चीवरचे दोन पब पेटले. १४ मृत्यू, त्यात ११ बायका. बरेचजण स्वच्छतागृहात सापडले. आगीपासून लांब म्हणून तिकडे गेले आणि धुराने गुदमरले. तिथे कुठला फटाका नव्हता. चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्यांचं कारण पुढे आलं. फरसाणच्या गाळ्याची बातमी आपण लवकर विसरलो, कमला मिलची आजही निघते. मेलेल्यांत कोण होतं यावर ते ठरत असावं.

इथे कुणीही विचारेल: कमला मिल काही चोरून चालत नव्हती, मग परवान्याने काय साधलं? प्रश्न रास्त आहे. ‘द स्टेशन’मध्येही तपासनीस येऊन गेले होते आणि फोम त्यांच्या नोंदीत आला नाही. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबला आग लागून २५ जण गेले, बहुतेक तिथेच काम करणारे. ती जागाही कुणापासून लपलेली नव्हती. कागद दार उघडत नाही, हे मान्य. पण कागद असला की निदान कुणाला तरी येऊन बघायची जबाबदारी असते, आणि पुढे कोर्टात विचारायला एक नाव असतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे अशा इमारतींच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. शनिवारी रात्रीपुरता भाड्याने घेतलेल्या गाळ्याचं प्रमाणपत्र कोण देणार? मूळ मालकाच्या लेखी तिथे पॅकिंगच चालतं.

[दृश्य: शटर आतून. बाजूचं छोटं दार, त्याच्यापुढे कार्टनची थप्पी.]

आता बाहेर पडायच्या वाटा मोजू. समोर शटर. मोटारवर चालणारं असेल तर वीज गेल्यावर साखळी ओढून वर घ्यावं लागतं, आणि ती साखळी कुठे आहे ते आतल्या एका माणसाला माहीत असतं. बाजूचं दार अडीच-तीन फुटांचं, आत उघडणारं. गर्दी दाराला टेकली की आत उघडणारं दार उघडतच नाही. मागच्या खिडक्यांना चोरांच्या भीतीने ग्रिल. त्याच्या पलीकडे दुसऱ्या कुणाचा गाळा, त्यात थिनर असेल, प्लॅस्टिक असेल, गॅसचे सिलिंडर असतील. इस्टेटच्या मुख्य गेटला रात्री कुलूप.

आठशे चौरस फूट म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर. ड्रम, स्पीकर, मिक्सर, माल आणि बर्फाचा टब यांत तिसरा हिस्सा गेला असं धरा. उरलेल्या ५० मीटरांत दीडशे जण सोडले की प्रत्येक चौरस मीटरला तीन. यावर लोक हसतील, कारण सकाळी ८.२० ची विरार याच्या कितीतरी पट भरलेली असते. आपली अडचण नेमकी हीच आहे. गर्दी अंगवळणी पडलेल्या माणसाला गर्दी धोक्याची कधी झाली ते उशिरा कळतं. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २३ जण गेले, तेही रोज त्या पुलावरून जाणारे. चेंगराचेंगरीत माणसं तुडवली जाण्यापेक्षा उभ्या-उभ्या दाबली जाऊन जास्त मरतात. छाती फुगायला जागाच उरत नाही. गाळ्यात हीच माणसं उड्या मारत असतात, अंधारात, पायाखाली केबल आणि सांडलेली बिअर.

[दृश्य: एकाच बोर्डाला जोडलेले चार एक्स्टेन्शन. एका थ्री-पिनची जाड पिन तोडलेली.]

वीज हा विषय फिल्ममध्ये कंटाळवाणा दिसतो, तरी इथे थोडं थांबू. स्पीकरमधून ‘हम’ यायला लागला की सोपा उपाय सगळ्यांना माहीत असतो: अर्थ काढ. थ्री-पिनची वरची पिन तोडली किंवा टेप लावली की गुणगुण जाते. पण ती पिन माणसासाठी असते. अँपमध्ये (अँप्लिफायरमध्ये) बिघाड होऊन २३० व्होल्ट त्याच्या धातूच्या पेटीवर आले, तर ते गिटारच्या तारांवर येतात. आणि वाजवणाऱ्याने गाताना ओठ माइकला लावले की मधे तोच उभा असतो. हम घालवायला डीआय बॉक्सवर, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायच्या छोट्या पेटीवर, ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते सिग्नलचा मार्ग तोडतं, विजेची अर्थिंग तोडत नाही. आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच तोडणारा स्विच, असेल तर झटका लागताच पुरवठा तुटतो. हा सगळा खर्च एका मध्यम गिटार पेडलहून जास्त नाही.

गाळ्याचं कनेक्शन पुरत नाही म्हणून कुणी जनरेटर आणतं. बाहेर ठेवला तर आवाज होईल म्हणून तो मागच्या पॅसेजमध्ये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं तर लोक दारू चढली असं समजतात. कानांचं नुकसान त्या मानाने हळू होतं, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे. पत्र्याच्या छताखाली ती ओलांडायला मेहनत लागत नाही.

समजा काही झालंच, तर फोन कोण करणार? १०१ ला फोन लावणाऱ्याने पत्ता सांगायचा असतो. आत उभ्या असलेल्या शंभरातल्या नव्वदांना गाळ्याचा नंबर ठाऊक नसतो, ते फोनच्या नकाशावरच्या निळ्या ठिपक्याच्या मागे चालत आलेले असतात. आणि ज्याला ठाऊक असतो तो आधी दुसराच हिशेब करतो: बंब आला की मागून पोलीस येणार, आत परवान्याविना दारू आहे, दोन-तीन पोरं अठराच्या आतली आहेत. आपणच विझवू, असं म्हणण्यात मिनिट-दोन मिनिटं जातात. फोमच्या खोलीत मुळात तेवढीच असतात.

धाडींनी हे थांबत नाही. गाळा बंद पडतो, कार्यक्रम पुढच्या इस्टेटीत जातो, बहुतेक वेळा आणखी मागच्या, आणखी अरुंद जागेत. शंभर माणसांच्या आतल्या कार्यक्रमासाठी एका खिडकीवर, एका अर्जावर, अग्निशमन दलाची तपासणी आणि एका रात्रीची परवानगी मिळाली तर कितीतरी आयोजक रांगेत उभे राहतील, असं आमचं मत आहे. महापालिकेची नाट्यगृहं, समाजमंदिरं, शाळांची सभागृहं कितीतरी रात्री रिकामी असतात. त्यांना दारं तरी दोन आहेत.

ते होईल तेव्हा होईल. येत्या शनिवारी कुठेतरी साउंडचेक आहेच. फोम काढता येतो, उघड्या भिंतीचा आवाज थोडा वाईट येईल, येऊ दे. शटर गुडघ्यापर्यंत तरी वर ठेवा आणि आवाज तेवढा कमी करा. दारावर माणसं मोजायला एकजण बसवा, आणि ऐंशी म्हणजे ऐंशी. गाळ्याचा पूर्ण पत्ता आतल्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. मिक्सरवर बसणाऱ्याला सांगून ठेवा की काही दिसलं तर आधी सगळे दिवे लागतील आणि आवाज बंद होईल, कारण त्या अंधारात लोक फक्त स्टेजकडे बघत असतात. गाणाऱ्याने पहिल्या गाण्याआधी माइकवर सांगावं की दुसरं दार ड्रमच्या डाव्या हाताला आहे. त्याच्यापुढची कार्टन साउंडचेकलाच हलवून घ्या. कुलूप असेल तर किल्ली बहुतेक वॉचमनकडे मिळते.